खिशातून मैदानात

‘पोकेमॉन स्टेडियम’ या खेळात पोकेमॉन पकडता येत नाहीत. गुडघाभर गवत नाही, गुहा नाहीत, घराबाहेर पडून गावोगाव हिंडणारा मुलगा नाही. पोकेमॉन म्हटल्यावर जे जे आठवतं त्यातलं बहुतेक इथे गैरहजर आहे. उरते ती झुंज, झुंजीचं मैदान, घसा फाडून समालोचन करणारा एक निवेदक आणि बाजूच्या दालनात नऊ पोरकट खेळ. निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी काढलेल्या अशा खेळावर मराठीत एक अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न हे हस्तलिखित वाचणाऱ्या पहिल्या वाचकाने विचारला होता आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की हा खेळ स्वतःच्या कॅसेटमध्ये पुरा होत नाही. त्याचा अर्धा भाग खेळणाऱ्याच्या खिशात असतो, आणि त्या अर्ध्या भागावर त्याने आधीच कित्येक महिने मेहनत केलेली असते. खेळणाऱ्याची मेहनत एका यंत्रातून उचलून दुसऱ्या यंत्रात आणायची आणि चारचौघांसमोर तिचा कस लावायचा, हे इतक्या नेटकेपणाने करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला पोकेमॉन कुठून माहीत आहेत, हे आधी स्पष्ट करायला हवं. कार्टून नेटवर्कवर २००३ मध्ये ही मालिका सुरू झाली, चिप्सच्या पाकिटांतून चकत्या निघू लागल्या आणि पिकाचू घरोघर पोचला. खेळ मात्र पोचला नाही. टीव्ही गेम म्हणून आपल्या घरांत जे येत होतं ते बहुतेक जुन्या निन्टेन्डोची स्वस्त नक्कल असायचं, ‘शंभर गेम एकात’ असं छापलेल्या कॅसेटसकट. पोकेमॉनचे मूळ खेळ पुष्कळांनी पुढे कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून खेळले. म्हणजे ज्या गोष्टीचं सगळं मर्म दोन यंत्रांच्या जोडणीत होतं, ती आपल्याकडे एकाच पडद्यावर, एकट्याने आणि क्रम उलटवून आली: आधी मालिका, मग खेळ. जपानमध्ये खेळ आधी होता.

२७ फेब्रुवारी १९९६ ला ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या दोन आवृत्त्या गेमबॉयसाठी जपानी बाजारात आल्या. गेमबॉय तेव्हा सात वर्षं जुना झालेला होता. आठ बिटांचा प्रोसेसर, १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा पडदा आणि त्यावर एकाच रंगाच्या चार छटा. सातोशी ताजिरी या माणसाने लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा भागात किडे गोळा केले होते. शहर वाढत गेलं तशी ती तळी आणि झाडी नाहीशी झाली. दोन गेमबॉय जोडणारी केबल त्याने पाहिली तेव्हा तिच्यावरून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जातोय असं चित्र त्याच्या मनात आलं, ही हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. ती केबल आधी स्पर्धेसाठी वापरली जायची. ताजिरीला तिच्यात देवघेव दिसली. म्हणून तर दोन आवृत्त्या काढल्या. एकीत न सापडणारे पोकेमॉन दुसरीत, आणि सगळे हवे असतील तर मित्र शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

देवघेवीला ती केबल पुरली. झुंजीला मात्र अपुरी पडली. दोन मुलं समोरासमोर बसायची, प्रत्येकाचा पडदा स्वतःपुरता, आणि बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला दिसायचं काय, तर दोन वाकलेल्या मानांच्या मध्ये एक करडा ठिपका. प्राण्यांची चित्रं हलत नसत. हल्ला म्हणजे एक थरथर आणि कमी होत जाणारी एक रेघ. खेळणारा स्वतःच्या डोक्यात त्याला ज्वाळा आणि वीज जोडायचा. मला वैयक्तिकरीत्या ती जोडणी फार मोलाची वाटते, आणि स्टेडियमने ती थोडी हिरावून घेतली असंही म्हणता येईल. पण ज्या पोराने सहा महिने एक चारिझार्ड वाढवला त्याला तो एकदा तरी पंख पसरून उभा राहिलेला बघायचा होता, हेही तितकंच खरं.

निन्टेन्डो ६४ हे यंत्र त्याच १९९६ सालच्या जूनमध्ये जपानात आलेलं होतं. त्याच्या तीन मुठींच्या कंट्रोलरला खालच्या बाजूला एक खाच असते. त्या खाचेत बसणारा ट्रान्सफर पॅक नावाचा एक जाडसर डबा या खेळासोबत मिळायचा. डब्यात आपली गेमबॉयची कॅसेट खोचायची, डबा कंट्रोलरला लावायचा, की टीव्हीतला खेळ त्या कॅसेटमध्ये जपलेली नोंद वाचतो. तुमचं नाव, तुमच्या पेट्यांतले पोकेमॉन, त्यांची टोपणनावं, त्यांनी शिकलेल्या चाली, सगळं. यंत्राला कंट्रोलरच्या चार जागा असल्याने चार पोरं चार कॅसेटी घेऊन एकाच टीव्हीसमोर बसू शकत.

हे एका फटक्यात जमलेलं नाही. पहिला ‘पॉकेट मॉन्स्टर्स स्टेडियम’ १ ऑगस्ट १९९८ ला जपानमध्ये निघाला तेव्हा त्यात फक्त ४२ पोकेमॉन लढू शकत होते. १५१ पैकी ४२. आपला लाडका प्राणी त्या यादीत नाही हे कळल्यावर पोरांचं काय झालं असेल त्याची कल्पना करावी. ३० एप्रिल १९९९ ला दुसरा भाग आला आणि त्यात सगळे १५१ आले. जपानबाहेर हाच दुसरा भाग पहिला म्हणून विकला गेला: अमेरिकेत २९ फेब्रुवारी २००० ला, नुसतं ‘पोकेमॉन स्टेडियम’ या नावाने. पुढे ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या आवृत्त्यांशी जोडणारा, २५१ पोकेमॉनांचा भाग जपानमध्ये डिसेंबर २००० मध्ये आणि अमेरिकेत मार्च २००१ मध्ये आला. त्यामुळे जपानचा तिसरा तो इतरांचा दुसरा. या पुस्तकात आकडे जपानबाहेरच्या हिशेबाने घेतले आहेत, नाहीतर प्रत्येक पानावर खुलासा करावा लागला असता.

या सगळ्या खटाटोपात एका माणसाचा उल्लेख टाळता येणार नाही. सातोरू इवाता तेव्हा हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष होते. निन्टेन्डोचे अध्यक्ष ते पुढे २००२ मध्ये झाले. गेमबॉयवरची झुंज ज्या प्रोग्रॅमवर चालत होती तो शिगेकी मोरिमोतो यांनी लिहिलेला होता आणि त्याचं नीट टिपण असं काही नव्हतं. इवातांनी तो मूळ प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला आणि साधारण आठवड्याभरात निन्टेन्डो ६४ वर चालता केला. मोरिमोतोंनी पुढे एका मुलाखतीत त्याबद्दल थक्क होऊन सांगितलं आहे: कंपनीचा अध्यक्ष हे काम स्वतः करतो, आणि तेही इतक्या झटपट! मी ही गोष्ट केवळ इवातांच्या हुशारीची म्हणून सांगत नाही. स्टेडियमचं यश तिच्यावर उभं आहे. टीव्हीवर कितीही देखणा ब्लास्टॉइज उभा केला असता तरी गेमबॉयवर त्याचा पाण्याचा फवारा जेवढा लागायचा तेवढाच इथे लागला नसता, तर पोरांनी दहा मिनिटांत ओळखलं असतं की हा आपला नव्हे. आकडे तेच राहिले म्हणून प्राणी तोच राहिला.

सगळंच मात्र जसंच्या तसं आणलं नाही, थोडी साफसफाई झाली. गेमबॉयवर हायपर बीम या चालीने समोरचा आडवा झाला तर मारणाऱ्याला एक पाळी दम खावा लागत नसे. ही पळवाट स्टेडियमने बुजवली. समोरच्या संघातला एकजण तुम्ही झोपवलात की तो उठेपर्यंत दुसऱ्याला झोपवायची मुभा नाही, असा नियम घातला. जपानमध्ये १९९७ पासून अधिकृत स्पर्धा होत होत्या आणि तिथले दंडक इथल्या ‘पोके कप’मध्ये थेट उतरले: सहा पोकेमॉन नोंदवायचे, प्रतिस्पर्ध्याचे सहाही पाहायचे आणि त्यावर विचार करून तीनच मैदानात आणायचे. लेव्हल ५० ते ५५. म्यूटू आणि म्यू यांना मज्जाव. सहातून तीन निवडण्याचा तो अर्धा मिनिट हा माझ्या मते संपूर्ण खेळातला सर्वांत चुरशीचा भाग आहे, आणि त्यात काहीच हलत नाही.

एकाच पडद्यावर दोघे लढणार तर चाल लपवायची कशी, ही अडचण गेमबॉयला कधी आलीच नव्हती. स्टेडियममध्ये चालींची यादी पडद्यावर आपोआप उमटत नाही. चार चाली कंट्रोलरच्या चार पिवळ्या बटनांवर बसवलेल्या असतात. कुठल्या बटनावर काय ते पाठ असेल तर दाबा आणि मोकळे व्हा. विसरलात तर ‘आर’ बटन धरून यादी बघता येते, पण तेव्हा ती शेजाऱ्यालाही दिसते. म्हणजे स्वतःचा पोकेमॉन ज्याला आतून बाहेरून माहीत आहे त्याला इथे सरळ फायदा मिळतो. हे बटनांचं प्रकरण वाचकाला किरकोळ वाटेल. मला ते या खेळातल्या कोणत्याही नक्षीदार हल्ल्यापेक्षा जास्त आवडतं.

स्टेडियममध्ये जिंकल्याने पोकेमॉनचं बळ वाढत नाही. अनुभवाचे गुण नाहीत, लेव्हल तिथल्या तिथेच. हरला तरी मूळ कॅसेटमधल्या प्राण्याला ओरखडा उठत नाही. कोल्हापूरकडच्या वाचकाला हे पटकन कळेल: अंग कमवायचं ते तालमीत, मैदानात फक्त दाखवायचं. आणखी मजबूत व्हायचं असेल तर टीव्ही बंद करून त्या चार छटांच्या पडद्याकडे परतावं लागतं. दोन्ही यंत्रं विकली जावीत हा यातला धंद्याचा हिशेब उघड आहे आणि मी तो झाकणार नाही. ज्याच्याकडे गेमबॉय नाही त्याच्यासाठी हा खेळ पंगतीत उपऱ्यासारखं बसण्याचाच अनुभव होता. त्याला भाड्याचे पोकेमॉन घ्यावे लागत. १४९ पैकी कुठलेही मिळत, पण त्यांच्या चाली मुद्दाम दुबळ्या ठेवलेल्या असत. पूर्ण वाढ झालेला घ्यावा तर अंगात ताकद आणि हातात डाव नाही. अर्धवट वाढलेला घ्यावा तर डाव बरे आणि अंग लेचंपेचं. तरीही भाड्याच्या सहा जणांवर शेवटपर्यंत जाणारे खेळाडू होते, आहेत. त्यांच्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त मजा आली.

टीव्हीकडून गेमबॉयकडे उलटी वाटही होती, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जिम लीडर्सचा गड सर करून शेवटचा प्रतिस्पर्धी हरवला की खेळ बक्षीस म्हणून एक पोकेमॉन देतो आणि तो डब्यातून तुमच्या गेमबॉयच्या कॅसेटमध्ये उतरतो. बक्षीस आठांपैकी एक असतं: बल्बासॉर, चार्मँडर, स्क्वर्टल, ओमानाइट, काबुटो, हिटमॉनली, हिटमॉनचॅन, ईव्ही. नीट पाहिलं तर या यादीमागचं डोकं लक्षात येतं. गेमबॉयवर पहिल्या तिघांतला एकच घेता येतो. दोन जीवाश्मांतला एकच उचलता येतो. दोन हिटमॉनांतला एकच मिळतो. आणि ईव्ही एकच मिळते, तिची तीन रूपं होऊ शकत असताना. म्हणजे मूळ खेळात ज्या ज्या वळणावर एकाला घेऊन बाकीच्यांना सोडावं लागलं, नेमक्या त्या वळणांवर सोडलेलं काहीतरी टीव्हीने परत दिलं. ज्या कोणी ही यादी बनवली त्याला पोरांची हळहळ कुठे अडकली आहे ते पक्कं माहीत होतं.

याहून खटपटीचं बक्षीस म्हणजे लाटेवर स्वार होणारा पिकाचू. विजेच्या प्राण्याला पाण्याची चाल येणं हेच मुळात विचित्र. सगळ्यात वरच्या ‘प्राइम कप’च्या दुसऱ्या फेरीत स्वतःचा पिकाचू संघात घेऊन शेवटपर्यंत जिंकलं तर त्याला ‘सर्फ’ शिकवली जाते, आणि असा पिकाचू ‘यलो’ आवृत्तीत नेला की तिथल्या समुद्रकाठच्या घरात लाटांवर उड्या मारण्याचा एक छोटा खेळ उघडतो. केवढी ही वरात: गेमबॉयवर वाढवा, टीव्हीवर लढवा, परत गेमबॉयवर आणा, कशासाठी, तर पिकाचूला लाटांवर कोलांट्या मारता याव्यात म्हणून. पोरं हे करत.

आता त्या नऊ खेळांकडे यायला हवं. ‘किड्स क्लब’ नावाच्या या दालनाला समीक्षकांनी बहुधा तोंडी लावण्याइतकीच जागा दिली. त्यात ट्रान्सफर पॅक लागत नाही, वाढवलेला पोकेमॉन लागत नाही, कुठली लेव्हल लागत नाही. मॅजिकार्प उड्या मारून वरचं बटन ठोकतो. सँडश्र्यू ‘एल’ आणि ‘आर’ आलटून पालटून बडवल्यावर पाणी लागेपर्यंत खणत जातो. क्लेफेअरीच्या वर्गात फळ्यावर दाखवलेले बाण क्रमाने आठवायचे आणि चुकलं की टाळक्यात हातोडा. एकन्सची वेटोळी करून डिगलेटच्या डोक्यावर फेकायची. ड्राउझीने लंबकाच्या ठेक्यावर इतरांना झोपवायचं. मेटापॉड आणि काकुना वरून धोंडे पडताना नेमक्या क्षणी अंग आवळतात. उगाच आवळून बसलं तर दम संपतो. आणि लिकिटंग फिरत्या पट्ट्यावरच्या सुशी जिभेने उचलतो, महागडी थाळी आधी आणि तिखट जहाल थाळी कधीच नाही.

इथे जे घडतं ते मैदानाच्या अगदी उलट आहे. मैदानात मोठ्या भावाने सहा महिने राबून वाढवलेला संघ धाकट्या बहिणीला उभं राहू देत नाही. क्लबात तीच बहीण अंगठ्याच्या वेगावर त्याला धूळ चारते. मेहनतीचा मान राखणारा खेळ आणि मेहनतीला अजिबात न जुमानणारा खेळ एकाच कॅसेटमध्ये, एका दाराच्या अंतरावर ठेवले आहेत. घरात गेमबॉय एक आणि पोरं तीन असतील तर हे दालन नसताना कॅसेट कपाटात गेली असती. पुढच्या भागात या खेळांची संख्या वाढून १२ झाली, शिवाय झुंजीचं शास्त्र शिकवणारी एक शाळाच उघडली. ती शाळा खरोखर चांगली आहे. पण पहिल्या नऊ खेळांतला वेडगळपणा मला तिथे थोडा कमी वाटतो.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. ‘जीबी टॉवर’मध्ये गेमबॉयची कॅसेट थेट टीव्हीवर खेळता येते आणि पुढे डोडुओ व डोड्रिओ या पोकेमॉनांच्या नावाची दारं उघडली की तीच भरधाव वेगाने. लेव्हल वाढवण्याचं कंटाळवाणं काम यामुळे निम्म्यावर आलं. टोपणनावानुसार पोकेमॉनची रंगछटा किंचित बदलते, हे अनेकांना कधी कळलंच नाही. दोष सांगायचे तर हल्ल्यांची दृश्यं पहिल्यांदा डोळे दिपवतात आणि तिसाव्यांदा जांभई आणतात. निवेदकाचंही तेच, त्याचा उत्साह कधीच ओसरत नाही ही त्याची खोड आहे. आणि म्यूटूबरोबरच्या लढतीपर्यंत पोचण्यासाठी जेवढ्या लढती खेळवल्या जातात त्यातल्या निदान एक तृतीयांश कापता आल्या असत्या.

ही वाट पुढे फार लांब गेली नाही. २००३ मध्ये गेमक्यूबवर ‘कोलॉसियम’ आला, २००६ मध्ये वी या यंत्रावर ‘बॅटल रिव्होल्यूशन’. दोन्ही आपापल्या काळच्या हातातल्या यंत्रांना जोडता येत. मग २०१७ मध्ये स्विच आलं, जे हातातही धरता येतं आणि टीव्हीलाही लावता येतं, आणि दोन यंत्रांमधली दरीच बुजली. जिथे दरी नाही तिथे पूल कशाला? एप्रिल २०२३ मध्ये ‘पोकेमॉन स्टेडियम’ स्विचच्या वर्गणीदारांसाठी पुन्हा उपलब्ध झाला, ऑगस्टमध्ये दुसरा भागही. त्यात ट्रान्सफर पॅकची सोय नाही. ज्यांच्यासाठी हा खेळ रचला ते वाढवलेले पोकेमॉन सोडून सगळं त्यात आहे. भाड्याचे आहेत, क्लबातले खेळ आहेत, निवेदक आहे. आठ बक्षिसं घेऊन जायला पलीकडे कॅसेटच नाही.

खऱ्या कॅसेटी ज्यांच्याकडे आहेत त्यांचीही घाई आहे. गेमबॉयच्या कॅसेटमधली नोंद आत डाख देऊन बसवलेल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपली की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा संघ पुसला जातो. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही चालत असल्याने ती आणखी लवकर संपते. जाणते लोक आधी ट्रान्सफर पॅकमधून आपले पोकेमॉन स्टेडियमच्या कॅसेटमध्ये हलवतात, मग बॅटरी बदलतात आणि मग त्यांना परत आणतात. मैदानाला असं धर्मशाळेचं काम करावं लागेल हे १९९९ मध्ये कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

हे पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. झुंजीचं गणित सांगणारी दोन प्रकरणं जड आहेत. ती टाळून पुढे गेलं तरी धागा सुटणार नाही. हाताशी स्विच असेल तर वाचतावाचता खेळूनही बघावं. चारजण जमवावेत आणि सुरुवात लिकिटंगच्या सुशीपासून करावी, कारण तिथे नवख्यालाही जिंकता येतं. मग भाड्याच्या यादीकडे वळावं आणि नाव बघून न निवडता चाली बघून निवडावं. पोके कपमध्ये उतरणार असाल तर एक आकडा लक्षात असू द्या: मैदानात येणाऱ्या तिघांच्या लेव्हलची बेरीज १५५ च्या वर चालत नाही. एकाला ५५ वर ठेवलं तर उरलेल्या दोघांना ५० वरच थांबावं लागतं, आणि तो एक कोण असावा यावरच पहिलं प्रकरण सुरू होतं.